घनतेचे प्रयोग स्वयंपाकघरात कसे आले

हौदातून सांडलेल्या पाण्यावरून आर्किमिडीजनं राजमुकुटातल्या सोन्याची शुद्धता ओळखली, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. ती लिहून ठेवली गेली आर्किमिडीजच्या काळानंतर सुमारे दोनशे वर्षांनी. १५८६ मध्ये गॅलिलिओ या तरुण इटालियन गणितज्ञानं सांडलेलं पाणी मोजण्याची ही रीत ढोबळ ठरवली आणि मुकुट पाण्यात बुडवून तराजूनं तोलण्याची पद्धत मांडली.

मुलांच्या हाती घनता आली ती मात्र विसाव्या शतकात. दुसऱ्या महायुद्धात ज्या देशांतल्या शाळा उद्ध्वस्त झाल्या, तिथल्या शिक्षकांसाठी १९४८ मध्ये एक पुस्तिका निघाली. प्रयोगशाळा नसेल तर बाटल्या, डबे, मेणबत्त्या यांतून उपकरणं करा, हा तिचा रोख. १९५६ मध्ये तिचा मोठा ग्रंथ झाला आणि पुढे तो अनेक भाषांत पोचला. घरच्या वस्तूंतून विज्ञान शिकवण्याच्या चळवळीला यातून मोठं बळ मिळालं.

खरा वाद पेटला तो १९६०च्या दशकात. रशियाच्या १९५७च्या उपग्रहानंतर अमेरिकेत विज्ञानाचे नवे अभ्यासक्रम आले. त्यांतल्या एकात मुलांना मिठाची रंगीत द्रावणं देत आणि कोणतं कशावर राहतं ते शोधायला सांगत. आधी हाताळणं, व्याख्या नंतर. यावर आक्षेप असा, की नुसतं खेळून मुलं चुकीचे निष्कर्ष काढतात. आक्षेपात तथ्य आहे. मध तळाशी बसला की 'तो दाट आहे म्हणून' असं मूल म्हणतं. पण तेलही पाण्यापेक्षा दाट, संथ ओघळणारं, तरी ते वर राहतं. घन सेंटिमीटरला मध साधारण १.४ ग्रॅम भरतो, पाणी १, तेल ०.९२. दाटपणा म्हणजे किती संथ ओघळतं, घनता म्हणजे तेवढ्याच जागेत किती वजन भरतं; या दोन वेगळ्या गोष्टी.

म्हणूनच मिठाच्या पाण्याची निवड मला फार मोलाची वाटते. खारं आणि साधं पाणी दिसायला, ओतायला जवळपास सारखंच, त्यामुळे दाटपणाची पळवाट उरत नाही. अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे मीठ पूर्ण विरघळवून रंग घालायचा. मग चमच्याच्या पाठीवरून साधं पाणी हळूहळू सोडायचं. थर स्वच्छ दिसतो. क्रम उलटा केला की सगळं मिसळतं, आणि 'असं का?' हा प्रश्न मूल आपणहून विचारतं.

अलीकडे व्हिडिओंमुळे मध, साबण, दूध, तेल यांचा सात थरांचा मनोरा गाजला. दिसतो देखणा, पण त्यात ओतायचा क्रम आधीच सांगितलेला असतो आणि मुलाला अंदाज बांधायला जागाच राहत नाही.