डीचं प्यादं एक घर की दोन?

बुद्धिबळात पांढऱ्याने डी४, सी४ केलं (अक्षर म्हणजे पटाची उभी रांग, आकडा म्हणजे आडवी; नुसतं घर सांगितलं की चाल प्याद्याची) आणि काळ्याने घोडा एफ६ला, प्यादं जी६ला आणलं, की पटाशेजारी उभं राहून डाव बघणारा कुणीतरी "किंग्ज इंडियन!" म्हणून मोकळा होतो. जरा थांबा. किंग्ज इंडियन हा काळ्याचा एक बचाव, म्हणजे डावाच्या सुरुवातीची ठरलेली मांडणी; पण ग्रुनफेल्ड बचावही अगदी असाच सुरू होतो. नजर ठेवायची ती काळ्याच्या डीच्या प्याद्यावर. ते डी६ला थांबलं तर किंग्ज इंडियन, थेट डी५ला जाऊन भिडलं तर ग्रुनफेल्ड.

किंग्ज इंडियनमध्ये काळा पांढऱ्याला ई४पर्यंत येऊ देतो आणि मग ई५ करतो. पांढऱ्याने डी५ खेळून मध्य बंद केला, की तो वजिराच्या बाजूने घुसतो आणि काळा एफ५ करून राजावर चालून जातो. शर्यतच ती. जी७चा उंट मात्र आपल्याच ई५च्या प्याद्यामागे कोंडलेला. नवशिक्याला तो फुकट गेल्यासारखा वाटतो, आणि बराच वेळ तो खरंच काही करत नाही!

ग्रुनफेल्डमध्ये हाच उंट डावाचा धनी. डी५वर मारामारी होते, काळ्याचा घोडा सी३ला मरतो, आणि पांढऱ्याकडे सी३, डी४, ई४ अशी प्याद्यांची भिंत उभी राहते. काळा लगेच सी५ करतो. मोकळ्या कर्णावरून उंटाचा नेम डी४वर. भिंत पडली तर काळ्याची चंगळ, टिकली तर त्याची गळचेपी. पाठांतर इथे पक्कं लागतं. २०१०च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत, बल्गेरियातल्या सोफियात, पहिल्याच डावात वेसेलिन तोपालोवविरुद्ध ग्रुनफेल्ड खेळताना खुद्द विश्वनाथन आनंदचा चालींचा क्रम चुकला आणि ३० चालींत डाव गेला.

नावाचा घोटाळा कसा होतो ते १९५६च्या न्यूयॉर्कमधल्या डोनाल्ड बर्न विरुद्ध बॉबी फिशर या डावात दिसतं. घोडा एफ६, जी६, उंट जी७, किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल): काळ्याच्या चार चाली झाल्या तरी डावाचं नाव ठरलेलं नाही. पाचव्या चालीला १३ वर्षांच्या फिशरने डी५ केलं आणि ग्रुनफेल्ड झाला. सतराव्या चालीला उंट ई६ला आणून त्याने वजीर सोडून दिला, तो भाग सगळ्यांना पाठ असतो. पाचवी चाल कुणी सांगत नाही.

आणि 'इंडियन' हे नाव? ते कोलकात्याचं. तिथे महेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनशी असे बचाव खेळत. १८५५च्या त्यांच्या एका डावात काळ्याचं डी५सुद्धा आहे. त्या बचावाला नाव मात्र मिळालं ते व्हिएन्नाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डचं, १९२२मध्ये तो हे खेळू लागल्यावर.