तीन चाकं आणि पंचवीस सीसी

गावच्या वर्कशॉपमध्ये आज कमी पेट्रोलात जास्त अंतर जाणाऱ्या तीनचाकी गाड्या बांधतात, पण हलकी गाडी बांधायची समज विदर्भात पेट्रोलच्या आधीपासून आहे. माल वाहायला खासर, माणसांसाठी रेंगी, शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळवायला जेमतेम हाकणाऱ्यापुरता छकडा. काम पाहून वजन ठरायचं. पुढे लोखंडी धाव जाऊन हवेचे टायर आले आणि तीच बैलजोडी जास्त ओझं ओढू लागली.

इंधनाची पैज मात्र दूरची. १९३९ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी, तेवढ्याच इंधनात कुणाची गाडी जास्त अंतर जाते यावर आपसात पैज लावली. जिंकणारी लिटरला साधारण २१ किलोमीटर गेली. त्यातूनच पुढे विद्यार्थ्यांची स्पर्धा उभी राहिली, आणि २००५ मध्ये हायड्रोजनवरच्या एका तीनचाकीने पेट्रोलच्या हिशेबात लिटरला ५,३८५ किलोमीटरचा आकडा गाठला. तो गुळगुळीत ट्रॅकवरचा, ताशी तीसेक किलोमीटर वेगाचा, आडवं पडून चालवायच्या गाडीचा आकडा आहे. गिट्टी उखडलेल्या पांदण रस्त्याला तो लावू नये.

आपल्याकडची खरी शाळा म्हणजे १९७२ ची लुना. ५० सीसी, पायडल, अंगावर नावालाही जादा लोखंड नाही. ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ हा प्रश्न गावोगावी रुळला तो अशाच गाड्यांमुळे.

गावच्या वर्कशॉपमध्ये घरची गाडी बांधणाऱ्यांची सगळी आखणी आज ज्या आकड्याभोवती फिरते, तो आहे २५ सीसी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातल्या ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून, चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली गाडी वगळलेली आहे. दोन्ही अटी एकदम पाळाव्या लागतात. चौथं चाक लावलं की नोंदणी, विमा सगळं मागे लागतं. तणकापणी यंत्राची फोर-स्ट्रोक इंजिनं २५ आणि ३५ सीसीच्या आसपास मिळतात. ३५ वालं चढाला बरं, पण रेषेपलीकडचं. म्हणून पुढे दोन, मागे एक चाक आणि लहान इंजिन ही मांडणी केवळ हवेचा विरोध कमी करायला निवडलेली नसते, कायदाही तिकडेच ढकलतो.

२०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुगाड गाड्या, म्हणजे पंपाचं इंजिन बसवून घरी जोडलेले गाडे, मोटार वाहनच आहेत असा निर्वाळा दिला. माणसं कोंबून, विम्याशिवाय धावणाऱ्या त्या गाड्यांखाली सापडलेल्यांना भरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न रास्तच होता. पण त्यानंतर घरी बांधलेली कोणतीही गाडी जुगाडच समजली जाऊ लागली. साठ किलोची, एकाच माणसाची, मोजूनमापून बांधलेली तीनचाकी आणि पंपाचं इंजिन ठोकलेला ट्रॉलीसारखा गाडा यांना एकच शब्द लावणं हा सरळ अन्याय आहे. कायद्याने स्वतःच ठेवलेली २५ सीसीची वाट चौकीवर कुणी वाचून पाहत नाही.

आता पोरं बॅटरीकडे वळत आहेत. २५० वॉटपर्यंतच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या दुचाकींना नोंदणीतून सूट आहे.

पेट्रोलवाल्यांचं काम तरी थांबलेलं नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून बांबूच्या कामट्यांवर कापड ताणून निमुळतं कवच करतात. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की त्यात बसवत नाही, मग बाजू उघड्या ठेवतात आणि तेवढा तोटा सोसतात. इंजिन थोडं पळवायचं, बंद करायचं, गाडी नुसती घरंगळू द्यायची, पुन्हा चालू करायचं, ही स्पर्धेतली युक्ती सपाट डांबरी रस्त्यावर इथेही चालते. मोजणी जुन्या मेकॅनिकचीच: टाकी काढून हँडलला १०० मिलीची बाटली टांगायची, सलाइनच्या नळीने कार्बोरेटरला जोडायची, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं आणि आलेल्या किलोमीटरला दहाने गुणायचं. सकाळी वारा पडलेला असताना एकदा जाताना आणि एकदा येताना असं दोनदा मोजतात, कारण एका दिशेचा आकडा वाऱ्यामुळे फसवतो.