उपनगरांतील रेस्टॉरंटांच्या नकाशावरून गायब असलेले देश : पार्श्वभूमी

अमेरिकेतील उपनगरांत इटालियन, मेक्सिकन, चिनी आणि थाई जेवण जवळपास कुठेही मिळते. बर्मी, इथिओपियन, सेनेगाली किंवा जॉर्जियन जेवणासाठी मात्र बहुतेकांना मोठ्या शहराची वाट धरावी लागते. या उणिवेचे खापर उपनगरवासीयांच्या आवडीनिवडीवर फोडले जाते. प्रत्यक्षात परवाने, भाडेकरार आणि मोटारी उभ्या करण्याची जागा यांचा हात त्यात कितीतरी मोठा आहे.

कोणते जेवण आधी पोहोचले, हे मुळात कायद्याने ठरवले. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेची दारे बंद झाली, तरी व्यापाऱ्यांना प्रवेश होता, आणि १९१५ मधील एका न्यायालयीन निर्णयानंतर रेस्टॉरंटचालकही व्यापारी गणले जाऊ लागले. भागीदारांनी मिळून बऱ्या दर्जाचे रेस्टॉरंट काढायचे आणि व्यवस्थापकपद आळीपाळीने सांभाळायचे, म्हणजे नातलगांना आणण्याचा मार्ग खुला होई. चिनी रेस्टॉरंटांचे जाळे पसरले त्यामागे हे एक ठोस कारण होते. इतर आशियाई व आफ्रिकी देशांना अशी फट सापडली नाही. मूळ देशानुसार ठरणारा कोटा १९६५ मध्ये रद्द होईपर्यंत तेथून फार थोडे लोक येऊ शकले.

१९७५ नंतर व्हिएतनामी निर्वासित आले तेव्हा उपनगरांचा साचा पक्का झालेला होता. वॉशिंग्टनला लागून असलेल्या आर्लिंग्टनमधील क्लॅरेंडन भागात त्या सुमारास भुयारी रेल्वेचे काम चालू होते. रस्ते उखडलेले, गिऱ्हाईक पांगलेले, भाडी उतरलेली, अशा अवस्थेत मालक अल्प मुदतीच्या करारावर गाळे द्यायला तयार झाले आणि तेथे व्हिएतनामी दुकाने व खाणावळी उभ्या राहिल्या. १९७९ मध्ये स्थानक सुरू झाले, पुढे भाडी चढली आणि यातील बरेच व्यावसायिक १९८० च्या दशकात जवळच्या फॉल्स चर्चमधील जुन्या दुकानसंकुलात, म्हणजे आजच्या ईडन सेंटरमध्ये गेले. नवे जेवण उपनगरात शिरते ते बहुधा असेच, इतरांना नको झालेल्या जागेतून. लॉस एंजेलिसजवळच्या मॉन्टेरे पार्कमध्ये चिनी वस्ती आणि भांडवल दोन्ही एकदम आल्यामुळे रेस्टॉरंटे लवकर वाढली, पण तेथेही दुकानांच्या चिनी पाट्यांवरून १९८० च्या दशकात मोठा वाद पेटला होता.

या सगळ्या प्रवासात ज्या निर्णयाची सर्वांत कमी चर्चा होते आणि ज्याने सर्वाधिक अडवणूक केली, तो म्हणजे किमान पार्किंगची सक्ती. ओहायोतील कोलंबस शहराने १९२३ मध्ये निवासी इमारतींसाठी असा नियम केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तो देशभर पसरला. नियमाच्या बाजूने दिले जाणारे कारण खोटे नाही: गिऱ्हाइकांच्या मोटारी शेजारच्या घरांपुढे लागू लागल्या की रहिवासी वैतागतात. परंतु आकडे पाहावेत. अनेक उपनगरांत रेस्टॉरंटच्या दर १,००० चौरस फुटांमागे सुमारे १० मोटारींची जागा मागितली जाते. ये-जा करण्याची वाट धरली तर एका मोटारीला साधारण ३०० चौरस फूट लागतात, म्हणजे जेवणाच्या जागेच्या तिप्पट जमीन डांबराखाली जाते.

खरी गोम पुढे आहे. साध्या दुकानाला याहून बरीच कमी जागा पुरते. त्यामुळे चपलांचे दुकान बंद पडून त्याच गाळ्यात कोणी बर्मी खाणावळ काढू म्हटले, तर वापर बदलला म्हणून जादा पार्किंग दाखवावे लागते. भिंतीला भिंत लागून असलेल्या गाळ्याच्या मालकाने ती जागा कोठून आणायची? सवलतीसाठी अर्ज करता येतो. पण त्यासाठी शुल्क, नकाशे, जाहीर सुनावणी, शेजाऱ्यांच्या हरकती आणि तोवर रिकाम्या गाळ्याचे भाडे, हे सारे पहिल्यांदाच धंद्यात उतरणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. उरतात ते आधीपासून रेस्टॉरंट असलेले गाळे. धूर ओढणारी चिमणी आणि तेलकट सांडपाण्याची सोय तेथे तयार असल्याने त्यांना मागणी मोठी, आणि ते बहुतेकदा देशव्यापी साखळ्यांच्या हाती जातात. साखळीची पत पाहून संकुलाच्या मालकाला कर्ज मिळणे सोपे जाते. शिवाय काही भाडेकरारांत एकाच प्रकारचे दुसरे रेस्टॉरंट संकुलात येऊ न देण्याची अट असते. तिच्यातील ‘आशियाई’सारख्या सैल शब्दामुळे एका चिनी रेस्टॉरंटच्या करारापायी बर्मी स्वयंपाकालाही दार बंद होऊ शकते.

थायलंडचे उदाहरण वेगळे आहे. अमेरिकेत थाई लोकवस्ती लहान असूनही थाई रेस्टॉरंटे सर्वत्र दिसतात, कारण त्या देशाच्या सरकारने २००२ पासून परदेशातील रेस्टॉरंटांना कर्ज, प्रशिक्षण आणि तयार नमुने देऊन पाठबळ पुरवले. उलट, इथिओपियाने २००६ मध्ये टेफ या धान्याच्या निर्यातीवर बंदी घातली. इथिओपियन जेवणाचा आधार असलेली इंजेरा ही आंबवलेली भाकरी याच धान्याची होते. त्यामुळे परदेशातील स्वयंपाक्यांना पर्यायी पीठ मिसळावे लागले किंवा इतरत्र पिकवलेल्या धान्यावर भागवावे लागले.

अलीकडे नियम सैल होत आहेत, पण अर्धवट. बफेलो शहराने २०१७ मध्ये पार्किंगची सक्ती मागे घेतली. कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने ती उठवली ती केवळ मोठ्या सार्वजनिक वाहतूक थांब्यांपासून अर्ध्या मैलाच्या आत, आणि बहुसंख्य उपनगरे या वर्तुळाबाहेरच आहेत. त्याच राज्याने २०१८ मध्ये घरच्या स्वयंपाकघरातून जेवण विकण्यास परवानगी देणारा कायदा केला. पार्किंग, गाळा आणि चिमणी हे तिन्ही अडथळे एकदम ओलांडणारी ही तरतूद मला सर्वांत आशादायक वाटते. सुरुवातीला मर्यादा आठवड्याला ६० जेवणांची होती, २०२३ मध्ये ती ९० वर नेण्यात आली. मात्र कायदा लागू करायचा की नाही, हे प्रत्येक काउंटीच्या, म्हणजे राज्यातील जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मर्जीवर सोडले आहे, आणि अनेक काउंट्यांनी ती मर्जी अद्याप दाखवलेली नाही.