"लेखनिक मिळाला म्हणजे मार्क फुकट" हे खरं नाही

दहावीच्या मराठीच्या पेपरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, डिस्लेक्सियावाल्या, म्हणजे वाचणं-लिहिणं अवघड जाणाऱ्या मुलांना काय, लेखनिक मिळतो, तोच उत्तरं लिहून देतो. अहो, असं नसतं! मुलाने स्वतःचा लेखनिक आणला तर तो खालच्या इयत्तेतला असावा लागतो, आणि तो फक्त मूल बोलेल तेच लिहितो. कवितेचं रसग्रहण मुलालाच करायचंय, भाव त्यालाच कळायला हवा.

मी शिकवते त्यातला एक मुलगा कडवं स्वतः वाचताना ओळीच गाळतो, शब्द उलटसुलट होतात, पण तेच कडवं मी मोठ्याने वाचलं की इतकं सुंदर सांगतो की ऐकत राहावं. आता सांगा, आपल्याला तपासायचंय काय, वाचायचा वेग की कविता कळली का ते?

स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातच आहे, आणि केंद्राच्या गाईडलाईन्सनुसार तासाला किमान 20 मिनिटं जास्त, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. प्लीज या मुलांसमोर "तुझं काय बाबा, सोपंय" म्हणू नका, खूप लागतं त्यांना.