नो पार्किंगचं चलान मान्य नसेल तर (नाशिक)

आधी कागद कुणाचा ते बघा. पे अँड पार्कच्या ठेकेदाराची पावती हा दंड नव्हे, ते जागेचं भाडं. जादा घेतलं तर तक्रार महापालिकेकडे करायची. ई-चलान मात्र वाहतूक पोलिसांचं, मोटार वाहन कायद्याखालचं. शालिमारला किंवा कॉलेज रोडला गाडी लावल्यावर मोबाईलवर मेसेज येतो तो याचा. दंड पहिल्या वेळी ५०० रुपये, पुढच्या वेळी १,५००.

भांडायचं असेल तर पैसे भरू नका. भरले की गुन्हा तडजोडीने मिटला, मग आक्षेपाला जागाच उरत नाही.

आक्षेप घ्यायचा तो आरसीवर नाव असलेल्याने. गाडी विकली पण नाव बदललं नाही, तर चलान तुमच्याच नावावर येत राहणार. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. पेठ रोडच्या आरटीओ कार्यालयाची ती एक फेरी बरेच जण टाळतात.

महाट्रॅफिकच्या (राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या) संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून चलानचा फोटो उघडा आणि नीट मोठा करून बघा. नंबर एमएच १५ चा, तुमचाच, पण फोटोत मोपेड आणि तुमच्याकडे कार? मग नंबर प्लेटची नक्कल झालीय. पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तिची प्रत जोडा. सोबत चलान क्रमांक, आरसी, ओळखपत्र आणि त्या जागेचे तुम्ही काढलेले फोटो ठेवा. चलानवरची तक्रार महाट्रॅफिकवरच ऑनलाइन करता येते.

खरा मुद्दा बंदी कायदेशीर होती का, हा. नो पार्किंग ठरतं ते पोलीस आयुक्तांच्या अधिसूचनेने (मोटार वाहन कायद्याचं कलम ११५, ११६). दुकानदाराने स्वतःच टांगलेल्या ‘गाडी लावू नये’ पाटीला तो अधिकार नाही. अधिसूचनेची प्रत हवी तर पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकारात अर्ज करा: फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात रस्ता, बाजू आणि तारीख लिहा. सम-विषम तारखेच्या पार्किंगमध्ये (एका तारखेला रस्त्याची एक बाजू, दुसऱ्या तारखेला दुसरी) सगळं बाजू आणि तारखेवरच अडतं. टोइंगलाही कलम १२७ प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची परवानगी लागते. टोइंगवाल्या पोरांनी आपल्या मर्जीने गाडी उचलायची नसते.

तक्रार फेटाळली आणि चलान व्हर्च्युअल (ऑनलाइन चालणाऱ्या) कोर्टात गेलं, तर तिथे दोनच वाटा: दंड भरणे किंवा लढणे. लढण्याचा पर्याय निवडला की प्रकरण नेहमीच्या कोर्टात जातं. तिथे तारखा पडतात, म्हणून पाचशे रुपयांसाठी हे करायचं का, ते पुरावा बघून ठरवा. फोटोत पाटी स्पष्ट दिसत असेल तर मी तरी भरून मोकळा होईन.

लोकअदालतीची नोटीस आली तर घाईने सही करू नका. तिथे तडजोड होते, चूक कुणाची हे ठरत नाही, आणि त्या निवाड्यावर अपील नाही.