साताऱ्यातली युद्धस्मारके: दोन रांगा कशा पडल्या

वीरगळांची, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीरांच्या आठवणीसाठी उभारलेल्या जुन्या कोरीव दगडांची, ओळख इथे नव्याने करून द्यायला नको. खाली लढाई, वर अप्सरा, त्याच्याही वर पिंडीची पूजा, माथ्याला चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नाही, त्यामुळे वीर कोणत्या घरचा आणि कोणत्या झुंजीत पडला हे आज गावालाही सांगता येत नाही. काहींना शेंदूर लागला आणि त्यांचे देव झाले. सध्याचा वाद मात्र त्या दगडांचा नाही; कोणत्या मेलेल्याचे स्मारक सरकारने करायचे आणि कोणाचे गावावर सोडायचे, याचा आहे. त्याचे मूळ पहिल्या महायुद्धात आहे.

त्या युद्धात साताऱ्याची बरीच पोरे मराठा पलटणींत होती. १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुट गावाच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये बाकीच्या फौजेबरोबर तुर्कांच्या कैदेत गेल्या. युद्ध आटोपल्यावर ज्या गावांनी जास्त माणसे दिली, तिथे सरकारने शिला बसवल्या. मजकूर ठरीव साच्याचा: या गावातून इतके गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे या एका गावाच्या मेलेल्यांचा आकडा ४६. गौरव होताच, पण पुढच्या भरतीची जाहिरातही होती, हे विसरू नये. साच्यात नावाला जागा नव्हती. इराकातल्या बसऱ्याच्या मोठ्या स्मारकावरही अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि साध्या हिंदी शिपायांचे फक्त पलटणवार आकडे लागले. याबद्दल युद्धसमाधींची देखभाल करणाऱ्या आयोगाने माफी मागितली ती २०२१ मध्ये.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी पूर्व आफ्रिकेत केरेनला लढल्या, पुढे इटलीत लढल्या. त्याच काळात, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, ‘चले जाव’ चळवळीत वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला आणि नऊ जण ठार झाले. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरलाही मोर्च्यावर गोळीबार झाला. तो भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. म्हणजे एकाच जिल्ह्याची माणसे सरकारच्या बाजूनेही मरत होती आणि सरकारच्या गोळीनेही.

स्वातंत्र्यानंतर तीसेक वर्षे हा पेच कोणी सोडवायला घेतला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने एका झटक्यात तो निकालात काढला. स्वातंत्र्यलढ्यात बळी गेलेल्यांची स्मारके राज्यभर बांधायची ठरली. संख्या २०६, वास्तू सगळीकडे साधारण एकाच धर्तीची. निर्णयाचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते, कारण वडूजसारख्या गावांना तोवर सरकारी पातळीवर कोणी विचारले नव्हते. पण बांधायची घाई जेवढी होती, तेवढा पुढचा विचार नव्हता. रखवालदार कोणी ठेवायचा, गळके छप्पर कोणी दुरुस्त करायचे, विजेचे बिल कोणाच्या माथी? ही जबाबदारी एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत राहिली आणि कित्येक स्मारके १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीपुरती उघडू लागली. आराखडा एकच असल्याने वडूजची वेगळी गोष्ट वास्तूत कुठे दिसत नाही, हीदेखील तक्रार आहे.

त्याहून मोठा परिणाम सहसा बोलला जात नाही. या निर्णयाने मेलेल्यांच्या दोन रांगा झाल्या. ब्रिटिशांच्या गणवेशात पडलेला शिपाई या योजनेत बसत नव्हता, हे समजण्यासारखे आहे. पण १९६२, १९६५ आणि १९७१ मध्ये पडलेलाही बसत नव्हता, कारण तो स्वातंत्र्यलढ्यात गेला नव्हता. एवढी एकसारखी स्मारके उभी राहिली आणि ज्या जिल्ह्याने देशातली पहिली सैनिकी शाळा १९६१ मध्ये आपल्या गावात घेतली, तिथल्या जवानांच्या आठवणीचे काम घरच्यांवर आणि ग्रामपंचायतीवर पडले. कोणी शाळेला खोली बांधून दिली, कोणी एसटी थांब्यावर नाव घातले, कोणी वेशीवर कमान उभारली.

कारगिलनंतर चित्र पालटले. आधीच्या युद्धांत अंत्यविधी बहुधा सीमेजवळच उरकत आणि घरी तार येई. १९९९ पासून पार्थिव तिरंग्यात गुंडाळून थेट गावात येऊ लागले. हजारो लोक जमतात, मशानभूमी पुरत नाही, मग शाळेचे मैदान किंवा गायरान निवडले जाते आणि जिथे अग्नी दिला तिथेच चौथरा होतो. आजची बहुतेक जवान-स्मारके अशी, जागेचा कागद न बघता, उभी राहिलेली आहेत. अर्धपुतळा, हातात बंदूक, खाली जन्माची आणि वीरमरणाची तारीख. गायरानाची मोजणी निघाली की भांडण सुरू होते, आणि चौथऱ्याला हात लावायची हिंमत कोणत्याच तलाठ्याची होत नाही.

आता तर सैनिक कोण, ही रेघही सैल झाली आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात एका अतिरेक्याला जिवंत धरताना मारल्या गेलेल्या पोलिसाचे स्मारक जावळीतल्या केडंब्यात, त्याच्या गावी, करायचे राज्याने मान्य केले. हे युद्धस्मारक म्हणायचे की नाही, हा प्रश्न केडंब्यात कोणी विचारत नाही. अपशिंग्याच्या ४६ जणांसाठी मात्र राज्याने अजून काही ठरवलेले नाही, असे तिकडची मंडळी म्हणतात, आणि या बाबतीत त्यांचे म्हणणे मला पटते.