मेल उतरवून घेण्याचे दिवस

‘स्टोरेज संपत आलं आहे, लवकरच नवे मेल येणं बंद होईल’ अशी सूचना इनबॉक्सच्या डोक्यावर झळकू लागली की दोनच मार्ग उरतात. पैसे भरून जागा वाढवायची, नाहीतर जुने मेल आपल्या संगणकावर उतरवून सर्व्हरवरून, म्हणजे मेल कंपनीच्या संगणकावरून, काढून टाकायचे. यातला दुसरा मार्ग आज आडवाटेचा वाटतो. सेटिंग्ज धुंडाळावी लागतात, वेगळं सॉफ्टवेअर लावावं लागतं आणि शेवटचं बटण दाबताना हात अडखळतो. १९९०च्या दशकात मात्र मेल वापरणाऱ्या बहुतेकांसाठी तोच हमरस्ता होता. मेल सर्व्हरवर वर्षानुवर्षं पडून राहायचा, ही कल्पनाच मुळात नंतरची.

१९७१मध्ये अभियंता रे टॉमलिन्सनने अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वसुरी नेटवर्कवर, एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला मेल पाठवला, तेव्हा ‘सर्व्हरवर’ आणि ‘आपल्याकडे’ असा फरकच नव्हता. एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल (नुसते पडदा आणि कीबोर्ड) जोडलेले असत आणि प्रत्येकाचा मेलबॉक्स म्हणजे त्याच संगणकावरची एक फाइल. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही पद्धत पक्की झाली: प्रत्येक वापरकर्त्याची एक साधी मजकुराची फाइल, नवा मेल आला की तिच्या शेवटी चिकटवायचा. एक मेल कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला हे कळावं म्हणून प्रत्येक मेलच्या आधी ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि एक मोकळी जागा यांनी सुरू होणारी ओळ. या रचनेला एमबॉक्स म्हणतात. तिचा एक गमतीदार दोष होता. पत्राच्या मजकुरातच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली, तर सॉफ्टवेअर तिला नवा मेल समजायचं. त्यावर तोड म्हणून अशा ओळीच्या आधी एक बाणाचं चिन्ह (>) घालायची पद्धत पडली. जुन्या साठ्यांमध्ये वाक्याच्या सुरुवातीला अकारण उगवलेला हा बाण अजूनही सापडतो.

मग आले पर्सनल कॉम्प्युटर. एसएमटीपी हा मेल पाठवण्याचा प्रोटोकॉल, म्हणजे यंत्रांनी आपसात बोलण्याचे नियम, १९८२चा. पलीकडचं यंत्र सहसा चालू आणि नेटवर्कवर असेल, असं त्यात गृहीत धरलेलं. टेबलावरचा संगणक तर रात्री बंद व्हायचा. तेव्हा मेल एखाद्या सतत चालू असलेल्या यंत्रावर थांबवून ठेवायचा आणि संगणकाने सवडीने येऊन तो न्यायचा, अशी व्यवस्था ठरली. तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९८४चा, नाव पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजेच पॉप. तिसरी आवृत्ती १९८८मध्ये आली आणि आज वापरात असलेला तिचा मजकूर मे १९९६चा, आरएफसी १९३९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज).

पॉपचं एक सत्र म्हणजे दोन यंत्रांमधला मोजका संवाद. संगणक नाव आणि पासवर्ड सांगतो. किती मेल आहेत ते विचारतो. पहिला दे म्हणतो, सर्व्हर देतो. पहिला खोड म्हणतो, सर्व्हर हो म्हणतो. पण तो खोडत नाही, फक्त खूण करून ठेवतो. सगळे मेल असे उतरवून झाल्यावर संगणक ‘क्विट’ म्हणतो आणि तेव्हा कुठे खूण केलेले मेल खरोखर पुसले जातात. मध्येच फोनची लाइन तुटली, ‘क्विट’ आलंच नाही, तर सर्व्हरने एकही मेल काढायचा नाही, असं आरएफसी १९३९मध्ये स्पष्ट लिहिलंय. फोनच्या तारेवरून संगणक जोडणाऱ्या मोडेमचा संपर्क दर थोड्या वेळाने तुटायचा त्या काळात ही काळजी फार मोलाची होती. नंतरच्या चकचकीत सेवांमध्ये इतका सरळ आणि सावध व्यवहार मला क्वचितच दिसतो.

ऑफिसात एक आणि घरी एक संगणक झाल्यावर लोकांनी ‘प्रत सर्व्हरवर राहू दे’ हा पर्याय निवडायला सुरुवात केली. कुठला मेल आधीच उतरवलाय हे ओळखायला प्रत्येक मेलला कायमचा ओळखक्रमांक देण्याची सोयही झाली. पण सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे जड जाऊ लागलं. आरएफसी १९३९मध्येच त्याबद्दल इशारा आहे आणि उदाहरणादाखल एक धोरणही: न वाचलेले मेल ६० दिवसांनी आणि वाचलेले ७ दिवसांनी सर्व्हरवरून काढून टाकावेत. वाचलेल्या मेलचा सर्व्हरवर मुक्काम जेमतेम आठवडाभर!

कायद्यानेही हेच गृहीत धरलं होतं. अमेरिकेच्या १९८६च्या इलेक्ट्रॉनिक संदेशविषयक कायद्यात सेवा देणाऱ्याकडे १८० दिवसांपेक्षा जास्त पडून असलेल्या संदेशांना कमी संरक्षण मिळालं. ते मिळवायला सरकारला दर वेळी न्यायालयाच्या वॉरंटची गरज नव्हती. इतके दिवस कुणी मेल दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवत असेल तर तो सोडून दिलेला असणार, असा त्यामागचा तर्क. साठवणूक महाग असण्याच्या काळातला हा तर्क नंतर लोकांची सगळी पत्रं सर्व्हरवर गेल्यावर भलताच अंगाशी आला. २०१०मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयाने वॉरशाक खटल्यात मेलच्या मजकुरासाठी वॉरंट हवंच, असं ठरवलं.

दुसरी विचारधारा पॉपच्याच वयाची आहे. १९८६मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिनने आयमॅप या मेल वाचण्याच्या दुसऱ्या प्रोटोकॉलचं काम सुरू केलं. यात मूळ मेल सर्व्हरवरच राहतो आणि संगणकावर दिसतं ते त्याचं प्रतिबिंब. कुठूनही बघा, तोच मेलबॉक्स. सोय मोठी, पण इकडे खोडलं की तिकडेही जातं. खोडणं इथेही दोन टप्प्यांत, आधी खूण आणि मग ‘एक्सपंज’ ही कायमचं पुसण्याची आज्ञा; पण ते सर्व्हर रिकामा करण्यासाठी केलं की संगणकावरूनही मेल नाहीसा होतो. जुने मेल आपल्याकडे ठेवायचे तर ते आधी थंडरबर्डसारख्या मेल सॉफ्टवेअरमधल्या ‘लोकल फोल्डर’मध्ये, म्हणजे फक्त आपल्या संगणकावरच्या कप्प्यात, हलवावे लागतात. ही एक पायरी चुकल्यामुळे मेल गमावणारे आजही आहेत.

वेबमेलने तर संगणकावरची प्रतच काढून टाकली. साबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केलं तेव्हा प्रत्येकाला जागा मिळायची २ एमबी. एक-दोन फोटो आले की इनबॉक्स फुल. कुठूनही ब्राउझरमध्ये उघडता येतं, याचं लोकांना एवढं अप्रूप होतं की मेल आपल्या ताब्यात नाही हे फारसं कुणाला खुपलं नाही. याहूने २००२मध्ये फुकटची पॉप सोय बंद करून ती पैसे भरणाऱ्यांपुरती ठेवली. स्वतःचेच मेल घेऊन जायला शुल्क, असा प्रकार.

१ एप्रिल २००४ रोजी गूगलने १ जीबी जागेची जीमेल जाहीर केली आणि तारखेमुळे अनेकांना ती थट्टाच वाटली. मेल कायमचे ठेवता यायला हवेत, ही तिची भूमिका. डिलीटचं वेगळं बटणसुद्धा सुरुवातीला नव्हतं. ते काम एका मेनूत दडलेलं होतं. पॉप त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलं, आयमॅप २००७मध्ये. पण दोन्हींचा अर्थ जीमेलने स्वतःच्या सोयीने लावला. पॉपने मेल उतरवल्यावर सर्व्हरवरच्या प्रतीचं काय करायचं हे वेबवरच्या सेटिंगमध्ये ठरवावं लागतं. आयमॅपने इनबॉक्समधून खोडलेला मेल, सेटिंग बदललं नसेल तर, ‘ऑल मेल’मध्ये तसाच राहतो. खोडूनही जागा का मोकळी होत नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथे सापडतं.

संगणकावरचा साठा सुरक्षित होता असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक या मेल सॉफ्टवेअरची, मेल साठवणारी जुन्या पद्धतीची पीएसटी फाइल २ जीबीच्या पलीकडे गेली की उघडेनाशी व्हायची. ती दुरुस्त करायला मायक्रोसॉफ्टने एक साधन दिलं होतं. ते फाइलचा काही भाग छाटून टाकायचं आणि छाटलेल्या भागात कुठले मेल गेले ते निवडता यायचं नाही. आउटलुक २००३मध्ये नवी रचना आल्यावर ही मर्यादा हटली. दुसरीकडे, फेब्रुवारी २०११मध्ये एका बगमुळे जीमेलच्या सुमारे ०.०२ टक्के खात्यांतले मेल दिसेनासे झाले, तेव्हा गूगलने ते परत आणले चुंबकीय टेपवरून. ऑनलाइन प्रतींपर्यंत बग पोहोचला, नेटवर्कपासून तोडून ठेवलेल्या टेपपर्यंत पोहोचला नाही.

अमर्याद जागेचे दिवस मग हळूहळू आटत गेले. २०१३मध्ये गूगलने मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून १५ जीबी दिले. १ जून २०२१पासून नवे फोटो सरसकट त्यात मोजले जाऊ लागले आणि मेलची जागा फोटोंनी खाल्ली. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकण्याचं धोरण २०२३मध्ये आलं. त्याआधी २०२२मध्ये जीमेलमध्ये बऱ्याच जुन्या मेल सॉफ्टवेअरचं नुसत्या नाव-पासवर्डवर लॉगिन होणं बंद झालं होतं.

डिसेंबर २०१३पासून टेकआउट या गूगलच्या डेटा उतरवण्याच्या सोयीतून जीमेलचा सगळा साठा उतरवता येतो. मिळते ती एमबॉक्स फाइल, युनिक्सच्या काळातलीच. टेकआउट फक्त प्रत देतं, सर्व्हरवरचं काहीच काढत नाही. पॉपमध्ये ‘क्विट’ने व्हायचं ते काम आता माणसाने करायचं: फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघायची, जुन्यातल्या जुन्या मेलची अटॅचमेंट उघडते का तपासायचं, दुसऱ्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवायची, मग सर्व्हरवरचे मेल खोडायचे. खोडलेले मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतात आणि तोवर जागाही अडवतात.